चावी फिरवली की नुसतीच टिकटिक: सेल्फ का उचलत नाही ते स्वतः कसं शोधायचं

गाडीत बसता, चावी फिरवता, डॅशबोर्डवरचे दिवे नीट लागतात, पण इंजिन फिरत नाही. बोनेटखालून येते ती फक्त टिकटिक, किंवा एकच 'टक्'.

माझ्या गाडीने हा आवाज पहिल्यांदा काढला तेव्हा मी थेट नवी बॅटरी बसवली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, नवा घातला. आठवडाभर गाडी बरी सुरू होत होती, आणि एके सकाळी परत टिकटिक. दोष सापडला तो इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. बोल्ट सैल केल्यावर पट्टीच्या डोळ्याखालून हिरवट पांढरी भुकटी गळली आणि तांब्याच्या निम्म्याहून जास्त तारा वाकवताच तुटून हातात आल्या. एका पट्टीपायी दोन चांगले भाग विनाकारण बदलले गेले. नव्याने गाडी घेतलेल्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

क्रम असा ठेवा: आधी आवाज ऐका, मग जोड तपासा, मग मोजा, आणि मोजायचं ते सेल्फ मारत असताना. भाग बदलण्याची पाळी सगळ्यात शेवटी.

१२ व्होल्टची बॅटरी आणि वेगळी स्टार्टर मोटर असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी हे आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी रंगाच्या केबलमधून जिवावर बेतेल इतका व्होल्टेज असतो. त्यांच्या बाबतीत गाडीचं मॅन्युअल सांगेल तेवढंच करा.

टिकटिक येते कुठून

हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबा.

चावी 'स्टार्ट'वर नेली की बारीक वायरमधून थोडा करंट सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. दांडा आत ओढला गेला की दोन कामं होतात. एक, सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या, दात्यांत बसतं. दुसरं, तांब्याचे दोन जाड संपर्क एकमेकांना जोडले जातात आणि बॅटरीचा सगळा जोर मोटरला मिळतो. आपल्याला ऐकू येणारा 'टक्' हा त्या दांड्याचा आवाज.

दांडा ओढायला थोडेच अँपिअर पुरतात. इंजिन फिरवायला मात्र साधारण १०० ते २०० अँपिअर लागतात, मोठ्या डिझेल इंजिनाला त्याहून जास्त. म्हणून बॅटरीत दिवे, हॉर्न आणि रेडिओ चालवण्याइतका जीव असतो, दांडाही ओढला जातो, पण मोटरचा भार पडताच व्होल्टेज कोसळतो. व्होल्टेज कोसळला की वेटोळ्याची पकड सुटते आणि दांडा मागे येतो. भार गेल्यामुळे व्होल्टेज सावरतो, दांडा पुन्हा ओढला जातो, पुन्हा सुटतो. हेच सेकंदात अनेक वेळा होतं, तीच ती टिकटिक.

"दिवे लागतायत म्हणजे बॅटरी ठीक आहे" हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील. त्यावर विसंबू नका.

काय काय हाताशी हवं

- डिजिटल मल्टिमीटर, डीसी व्होल्ट आणि अँपिअर मोजणारा. साधा पुरतो.
- १० नंबरचा पाना. बहुतेक गाड्यांत टर्मिनलचा नट या मापाचा असतो. काहींत १२ किंवा १३ लागतो.
- वायर ब्रश आणि पॉलिश पेपर
- खाण्याचा सोडा, पाणी, जुना टूथब्रश
- पेट्रोलियम जेली
- दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायला जाड तारेचे जम्पर केबल. बारीक तारेचे स्वस्त केबल ऐनवेळी तापतात आणि सेल्फ फिरवत नाहीत.
- हातमोजे, चष्मा, बॅटरी
- गाडीचं मॅन्युअल आणि बॅटरीचं वॉरंटी कार्ड. बॅटरी वॉरंटीत असेल तर तिच्यावर लिहिलेला नंबर आणि तारीख मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

यादीतली 'बॅटरी' म्हणजे हातातली टॉर्च. बोनेटच्या खाली उजेड कमीच असतो.

१. हात घालण्याआधी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर. अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ उतरवा. प्लस टर्मिनलवर लावलेला पाना चुकून बॉडीला टेकला आणि मध्ये अंगठी अडकली तर क्षणात लाल होते.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. बॅटरीवर वाकून सिगरेट नको, काडी नको. बॅटरीची पेटी फुगलेली, तडकलेली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिला चार्जही करू नका आणि जम्परही लावू नका. ती बदलायचीच.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. गाडी साचलेल्या पाण्यातून नेल्यानंतर बंद पडली असेल आणि आता एकच 'टक्' येत असेल तर सेल्फ पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी टो करूनच न्या.

२. आवाज ओळखा

एका माणसाला चावी फिरवायला बसवा आणि तुम्ही बोनेट उघडून बाजूला उभे राहा. पंखा आणि बेल्टपासून लांब.

*भरभर टिकटिक:* बॅटरी उतरली आहे, किंवा बॅटरीकडून येणारा जोड सैल वा गंजलेला आहे. पायरी ३ आणि ४ मध्येच बहुधा उत्तर मिळेल.

*एकच दणकट 'टक्':* दांडा ओढला गेला, धरलाही गेला, पण मोटर फिरली नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळालेले, मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले, जाड केबलचा जोड खराब, किंवा मोटर नाहीतर इंजिन जाम.

*डॅशबोर्डच्या मागून किंवा फ्यूज बॉक्समधून हलकी 'टिक', सेल्फपाशी मात्र काहीच नाही:* रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच, काम करतोय, सोलेनॉइडपर्यंत करंट पोचत नाही. बारीक वायर निसटलेली किंवा रिलेचे संपर्क खराब.

*मोटर रिकामी फिरल्याचा 'घीं' आवाज:* मोटर फिरते पण दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये बसत नाही. सेल्फ उतरवावाच लागेल.

*अजिबात आवाज नाही:* हा वेगळा विषय आहे, पण एक करून बघा. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'एन'वर नेऊन सेल्फ मारा, मॅन्युअल असेल तर क्लच तळापर्यंत दाबा. तिथले सेफ्टी स्विच बिघडले की सेल्फला करंटच मिळत नाही.

आता हेडलाइट लावा आणि त्यांच्याकडे बघत सेल्फ मारायला सांगा. दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलचा दोष, नाहीतर मोटर अडकून करंट खातेय. दिवे जराही मंद झाले नाहीत तर मोटरपर्यंत करंट गेलेलाच नाही. या एका निरीक्षणाने शोध निम्म्यावर येतो.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. मोटर सलग चालण्यासाठी बनवलेली नसते. घाईघाईने वीस वेळा चावी फिरवली तर बॅटरीतला उरलासुरला जीवही जातो आणि मोजायला काही उरत नाही.

३. टर्मिनल: सगळ्यात सोपं, सगळ्यात दुर्लक्षित

हाताने टर्मिनल पिळून बघा. जराही हललं तर सैल आहे. अनेक गाड्यांची टिकटिक इथेच संपते.

दिसायला स्वच्छ टर्मिनलही आतून खराब असू शकतं. शिशाचा खांब आणि त्याभोवतीचा क्लॅम्प यांच्यामध्ये काळपट पापुद्रा धरतो. तो वरून दिसत नाही, म्हणून काढूनच बघायचं. मायनस आधी काढा, बसवताना मायनस शेवटी लावा. हा क्रम उलटा करू नका: मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो, मायनस सुटलेला असेल तर काही होत नाही.

पांढरी-निळी बुरशीसारखी भर दिसली तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून टूथब्रशने लावा. फेस येईल, तो थांबला की साध्या पाण्याने धुवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. मग खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जेली आधी लावून मग क्लॅम्प बसवू नका. घट्ट म्हणजे हाताने न फिरण्याइतपत. शिसं मऊ असतं, जोर केला तर खांब तुटतो.

आता सेल्फ मारा. सुरू झाली तरी पायरी ४ टाळू नका.

४. बॅटरी मोजा, भार नसताना आणि भार असताना

गाडी नुकतीच चालली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खोटा जास्त दिसतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, काही मिनिटं थांबा आणि मग मोजा. लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर.

- १२.६ व्होल्ट किंवा जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४: सुमारे पाऊण
- १२.२: सुमारे निम्मी
- १२.० आणि खाली: जवळजवळ रिकामी
- १०.५ च्या आसपास आणि चार्ज करूनही तिथेच: सहापैकी एक सेल मेला. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो, त्यामुळे हा हिशेब लगेच जमतो.

आता टोकं तिथेच धरून सेल्फ मारायला सांगा. ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ किंवा ८ वर आली तर ती म्हातारी झाली आहे, नाहीतर मोटर जाम असल्यामुळे बेसुमार करंट ओढला जातोय. दोन्हींतला फरक जम्परने कळतो. फक्त भाराशिवायचा आकडा बघून "बॅटरी ओके" म्हणणाऱ्याला सेल्फ मारतानाचा आकडाही दाखवायला सांगा.

निव्वळ उतरलेली बॅटरी चार्जरवर सावकाश पूर्ण भरा आणि मग पुन्हा मोजा. वीस मिनिटांची फेरी मारून रिकामी बॅटरी भरत नाही. वर झाकणं असलेली बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड कधीही नाही.

५. जम्पर लावून खात्री

दुसरी १२ व्होल्टचीच गाडी जवळ आणा, पण दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. दोन्ही बंद. मग याच क्रमाने:

१) लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसवर.
२) लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसवर.
३) काळं टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसवर.
४) काळ्याचं उरलेलं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटचा जोड करताना ठिणगी उडतेच. ती बॅटरीच्या तोंडाशी उडू नये म्हणून.

चांगली गाडी सुरू करून पाचेक मिनिटं चालू द्या, मग सेल्फ मारा. सुरू झाल्यावर केबल बरोबर उलट्या क्रमाने काढा.

जोमाने सुरू झाली तर दोष बॅटरीचा किंवा चार्जिंगचा. थेट पायरी ८ वर जा. जम्पर असूनही तीच टिकटिक किंवा तोच 'टक्' आला तर पुढची पायरी तुमच्यासाठी आहे. इथे एक फसवी गोष्ट आहे. काळं टोक थेट इंजिनावर लावल्यामुळे खराब अर्थिंग आपोआप वगळलं जातं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं: जम्परने गाडी झटक्यात सुरू झाली आणि मी बॅटरीला दोष दिला. शंका असेल तर जम्परशिवाय, चार्ज केलेल्या बॅटरीवर पायरी ६ कराच.

६. व्होल्टेज वाटेत कुठे हरवतोय

ही पायरी मला आधी कुणी दाखवली असती तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही वाचले असते. मल्टिमीटर तोच, फक्त टोकं वेगळ्या ठिकाणी. जोड चांगला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच व्होल्टेज असतो. फरक दिसला तर तो व्होल्टेज त्या जोडात खर्च होतोय.

इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे मोजताना इंजिन सुरू होणार नाही. प्रत्येक वेळी सेल्फ तीन-चार सेकंदच मारायचा.

*अर्थिंगची बाजू:* एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही. दुसरं सेल्फच्या धातूच्या अंगावर किंवा इंजिनाच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. माझ्या गाडीत १.८ दिसला होता. मग टप्पे पाडा: खांब ते क्लॅम्प, खांब ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो तिथे गंज, सैल बोल्ट किंवा तुटलेल्या तारा आहेत. जोड उघडा, दोन्ही पृष्ठभाग घासा, पट्टी सडली असेल तर तितक्याच जाडीची नवी घाला.

*प्लसची बाजू:* एक टोक प्लसच्या खांबावर, दुसरं सोलेनॉइडवर बॅटरीची जाड केबल येते त्या बोल्टवर. ०.५ व्होल्टच्या आत हवं.

*सोलेनॉइडच्या आरपार:* एक टोक बॅटरीच्या केबलच्या बोल्टवर, दुसरं शेजारच्या, मोटरकडे जाणाऱ्या बोल्टवर. 'टक्' झाल्यानंतरही इथे १२ व्होल्टच्या आसपास दिसत राहिले तर संपर्क जळालेत, करंट पलीकडे जातच नाही.

*बारीक वायर:* सोलेनॉइडला येणारी ट्रिगर वायर, अनेक सेल्फवर तिथे ५० हा आकडा कोरलेला असतो. चावी 'स्टार्ट'वर असताना तिथे निदान १० व्होल्ट हवेत. कमी असतील तर दोष रिलेत किंवा इग्निशन स्विचमध्ये. सेल्फला हात लावू नका. शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघणं ही इथली सर्वांत झटपट परीक्षा.

एक बारकावा: करंट वाहत नसेल तर व्होल्टेजही हरवत नाही. केबलवर ०.० दिसतोय आणि मोटरही फिरत नाही, तर केबल चांगली आहे असा निष्कर्ष काढू नका.

७. सेल्फच गेला आहे का

सोलेनॉइडच्या मोटरकडच्या बोल्टवर पूर्ण व्होल्टेज पोचतोय, अर्थिंगही चोख आहे, आणि तरी मोटर ढिम्म? मग बहुधा कार्बन ब्रश झिजलेत. हातोडीच्या लाकडी दांड्याने सेल्फच्या अंगावर हलके ठोके देत सेल्फ मारला तर अशी मोटर कधीकधी उठते. यात निदान झालं, दुरुस्ती नाही. त्याच दिवशी गॅरेज गाठा. ठोका हलकाच, काही मोटरच्या आत कायम चुंबक चिकटवलेले असतात आणि दणक्याने ते फुटतात.

चांगल्या बॅटरीवरही व्होल्टेज धाडकन कोसळतोय आणि मोटर हलत नाही, तर काहीतरी जाम आहे. मॅन्युअल गाडीत इग्निशन बंद ठेवून सर्वांत वरचा गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि सपाट जागी गाडी पुढे-मागे ढकला. गचके देत हलली तर इंजिन मोकळं आहे. सेल्फचं चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसलं असेल तर याच ढकलण्याने सुटतंही. १९१२ साली कॅडिलॅकच्या गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ येण्याआधी इंजिन हँडल मारूनच सुरू करत, तेव्हा जाम इंजिन हातालाच कळायचं. आपल्याला ते असं ढकलून कळतं.

सेल्फ उतरवून घेतला तर लगेच नवा घेऊ नका. ब्रश आणि सोलेनॉइडचे संपर्क अनेक सेल्फमध्ये सुटे बदलता येतात. ऑटो इलेक्ट्रिशियनला आधी हे विचारा. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, जळालं असेल तरच पूर्ण सेल्फ.

८. बॅटरी पुन्हा का उतरली

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १२.६ च्या आसपासच राहिला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणारं जनित्र, चार्ज करत नाही. आधी त्याचा बेल्ट बघा. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर खराब आहे आणि तो नवी बॅटरीही मारेल. काही नव्या गाड्या मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतात, म्हणून हेडलाइट आणि एसी लावूनही एकदा मोजा.

चार्जिंग ठीक, तरी दोन दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरते? मग बंद गाडीत काहीतरी करंट खातंय. डिकीतला दिवा, डॅशकॅम, मागून बसवलेला म्युझिक सिस्टम किंवा अलार्म हे नेहमीचे संशयित. मायनस केबल सोडवा, मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून ती केबल आणि बॅटरीचा मायनस खांब यांच्यामध्ये जोडा आणि गाडीतली यंत्रणा झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नको. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो त्या सर्किटमध्ये चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

९. बॅटरी बदलावी लागलीच तर

पेटीचं माप, प्लसचा खांब डावीकडे की उजवीकडे, आणि थंड इंजिन फिरवण्याची क्षमता म्हणजे सीसीए, हे तिन्ही मॅन्युअलप्रमाणे जुळवा. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, वारंवार सेल्फ मारणं सोसणारी बॅटरी असते. तिथे साधी बसवली तर लवकर जाते. काही गाड्यांना नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवून द्यावी लागते, ते विकत घेण्याआधीच विचारा. रेडिओला कोड लागत असेल तर बॅटरी सोडवण्याआधी तो शोधून ठेवा.

गॅरेजला गेलात तर "गाडी सुरू होत नाही" एवढंच सांगू नका. टिकटिक की एकच 'टक्', हेडलाइट मंद झाले की नाही, आणि मोजलेले आकडे, सेल्फ मारतानाच्या आकड्यासकट, कागदावर लिहून द्या. काम झाल्यावर जुना भाग मागून घ्या. गाडी घरी आणल्यावर रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चावी फिरवण्याआधी बॅटरी एकदा मोजा: १२.४ च्या वर असेल आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेला नाही, तर इंधन पंपाचा फ्यूज जागेवर आहे ना एवढं बघून निघा.